पेवाच्या तोंडाशी

पाळकसाहेब दर उपासकाळात
बागेतल्या त्या झाडापाशी येऊन थांबतात,
आणि बाकांवरच्या बायका पदर सावरून बसतात,
जणू सगळं पुन्हा त्यांच्यावरच येणार आहे.
मला झाड दिसत नाही.
मला हरिपूरचं पेव दिसतं.

वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड,
आत पोट घराएवढं,
चार पुरुष खोल.
वर्षानुवर्षं हळद त्यात निजून राहायची.
माझे वडील, शमुवेल आवळे, पेवं उघडायचे.
उघडलं की लगेच उतरायचं नाही,
आतली हवा माणूस गिळते.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
आज्ञा दहा होत्या, पण त्या रविवारच्या शाळेत.
घरात ही एकच.

तेरा वर्षांचा होतो.
कुणी साप आला नाही, कुणी कानात काही सांगितलं नाही.
भूक होती असंही म्हणता येणार नाही,
आईनं सकाळीच भाकरी-झुणका घातला होता.
नुसतं एक पोतं उसवलेलं होतं
आणि शेठ पाठमोरा होता.
खिसाभर हळकुंडांचे आठ आणे आले.
त्या आठ आण्यांचं मी काय केलं,
ते आता आठवत नाही.
हेच सगळ्यात जास्त लागतं.

दुसऱ्या वेळी पिशवी नेली.
तिसऱ्या वेळी शेठनं गणू कोरव्याला धरलं.
हात त्याचेही पिवळे होते.
हात तर सगळ्यांचेच पिवळे होते,
वखारीतल्या मुनीमजींचेसुद्धा,
पण गणूच्या जातीचं नाव घेतलं
की पुरावा लागत नसे.
आदामानं निदान बायकोकडे बोट तरी दाखवलं.
मी काहीच केलं नाही. उभा राहिलो,
आणि वादीचे आवाज मोजले.
अकरा.

मग पळालो, आणि सकाळीच उघडलेल्या पेवात
दोरी धरून उतरलो.
आत ओल होती, गोडसर वास होता,
आणि कुणी बघत नव्हतं.
थोड्या वेळानं झोप यायला लागली.

वरून हाक आली,
कुठं हाईस रं?

त्यांना ठाऊक होतं कुठं आहे ते.
माझी एक चप्पल काठावरच पडली होती.
ठाऊक असूनही विचारावं लागतं,
हे मला पुढं स्वतःचं पोर वाढवताना कळलं.
मी ओ दिली नाही.

कंदील खाली आला.
माझ्या गुडघ्यांपाशी ज्योत बसकी झाली,
निळी झाली,
गेली.

त्यांचाच नियम सांगत होता, थांब.

नंतरचं मला काठावरचंच आठवतं.
वडील उलट्या करत होते, मी आकाश पीत होतो.
त्यांनी जवळ घेतलं नाही.
एक कानाखाली दिली, चप्पल पायात घालायला लावली,
आणि जेवायच्या आधी गणूच्या झोपडीवर नेलं.
मी सांगितलं. सगळं. आठ आणेसुद्धा.
गणू पालथा पडला होता.
काही बोलला नाही, माफही केलं नाही.
बायको त्याच्या पाठीवर
हळद लावत होती.

पुरानं पेवं बुजली. वडील गेले, गणूही गेला.
त्याचा नातू मिरजेत रिक्षा चालवतो.
त्याच्या रिक्षात बसलो तर मी सुटे परत घेत नाही.
हे प्रायश्चित्त नव्हे, मला कळतं.
एकदा त्यानंच विचारलं, काका, पैसे जास्त झालेत का?
मी म्हणालो, नाही बाबा, कमीच पडतात.

पाळकसाहेब अजून झाडापाशीच आहेत.
पलीकडच्या बाकावर कुणाचं तरी पोर पेंगतंय.
तारणाबद्दल मला नीट बोलता येत नाही,
प्रार्थना करतानाही शब्द सापडत नाहीत.
माझ्याकडे आहे ते एवढंच:
दिवा विझलेला मी खालून पाहिला आहे,
आणि त्या काळोखात
दोरी ताणली गेल्याचा आवाज,
कुणाचं तरी सबंध वजन
तिच्यावर आल्याचा.